आठवा केस

फार पूर्वी सालवती नावाच्या नगरात दृढवर्मा राजा गादीवर असताना बोधिसत्त्व एका घटिकापालाच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव सुयाम.

घटिकापालाचे काम सांगायला सोपे आणि करायला कठीण. कठीण अशासाठी, की त्यात करण्यासारखे फारसे काही नसते. पाण्याने भरलेल्या तांब्याच्या घंगाळात एक लहान वाटी तरंगत सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक छिद्र असते. त्यातून पाणी हळूहळू आत शिरते, वाटी भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटिका झाली. मग शेजारी टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोला द्यायचा, वाटी रिकामी करायची आणि पुन्हा पाण्यावर सोडायची. सूर्योदयापासून असे तीस टोले. वाटी तरंगत असेपर्यंत जागेवरून उठायचे नाही, हा नियम.

या टोल्यांवर सालवतीचे पाणी चाले. डोंगराखालच्या तळ्यातून एक पाट निघे आणि अकरा मळ्यांना भिजवत जाई. तीस घटिका या अकरा जणांत वाटलेल्या होत्या. कुणाला पाच, कुणाला तीन, कुणाला दोन. टोला पडला की ज्याची पाळी संपली त्याने पाटावरचे आपले दार बंद करायचे आणि पुढच्याने आपले उघडायचे. शेवटची, तिसावी घटिका मल्लीमाई नावाच्या एका वृद्ध विधवेची. तिचा मळा पाटाच्या पार शेपटाला होता. चार वाफे होते. दोनांत वाल, दोनांत काकड्या. तिच्या दारापासून वाफ्यांपर्यंत पाणी नेणारी चारी इतकी लांब होती, की घटिकेतला पाऊण वेळ चारी भिजण्यातच जाई. उरलेल्या पाव घटिकेत चार वाफे भिजायचे. तिसावा टोला पडला की तळ्याचे तोंड बंद होई.

बोधिसत्त्वाला हे काम मुळीच आवडत नसे.

तरुणपणी तो एकदा सार्थाबरोबर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, मरुभूमी ओलांडून गेला होता. ताऱ्यांवरून वाट काढणे त्याला पटकन जमले आणि चालण्याचा त्याला कधी शीण वाटला नाही. परत आला तो वडील अंथरुणाला खिळलेले. ते गेले आणि घंगाळ त्याच्यापुढे आले. तेव्हापासून नऊ वर्षे तो त्या ओट्यावर बसून होता. बसला म्हणजे फक्त बूड टेकलेले. मन कुठल्या कुठे वाळूत चालत असे.

वडिलांनी त्याला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. वाटीचे छिद्र रोज सकाळी साफ करायचे, ते घोड्याच्या शेपटीच्या केसाने. केस छिद्रातून ओढायचा, पुन्हा ओढायचा, असे शंभर वेळा. छिद्रात बरोबर सात केस मावले पाहिजेत, आठवा जाता कामा नये. पहिली सात वर्षे बोधिसत्त्वाने तसे केले. मग एके दिवशी त्याला शंभर वेळा केस ओढण्याचा भयंकर कंटाळा आला आणि त्याने पितळेची सुई घेतली. सुई दोनदा फिरवली की छिद्र लख्ख. वडील म्हणजे जुन्या वळणाचे, चिकट माणूस, असे त्याला वाटले. बोधिसत्त्वालाही असे वाटू शकते, हे ऐकून कुणी दचकू नये. तो अजून बुद्धत्वाच्या वाटेतच होता.

सुईने काम होई, पण सुई छिद्र रोज कणभर खाई. छिद्र मोठे झाले की पाणी लवकर भरते आणि वाटी लवकर बुडते. दोन वर्षांत सालवतीची घटिका हळूहळू आखूड झाली. उन्हाळ्यात तिसावा टोला पडला तरी ऊन उरलेले असे. दिवस मोठा आहे, असे सगळे म्हणत. हिवाळ्यात थंडीच्या आधी घरी जायला मिळते म्हणून कुणी काहीच म्हणत नसे. बोधिसत्त्व तर खूशच होता. त्याची सुटका लवकर होई.

त्या वर्षी चैत्रात भद्रिल नावाचा सार्थवाह सालवतीच्या वेशीबाहेर उतरला. हा बोधिसत्त्वाचा जुना मित्र. तो ओट्यापाशी आला आणि घंगाळात डोकावून म्हणाला, "सुयामा, अजून इथंच का रे? मला वाटलं होतं, एव्हाना तू स्वतःच बुडाला असशील यात."

"बुडतोय की," बोधिसत्त्व म्हणाला. "दिवसातून तीसदा."

"मग चल. आमचा वाटाड्या म्हातारा झालाय. वैशाखी पौर्णिमेला सकाळी आम्ही निघणार. तुझी जागा ठेवतो."

बोधिसत्त्वाच्या पायांना त्या दिवसापासून घरात चैन पडेना. तरी त्याने लगेच हो म्हटले नाही. नऊ वर्षे बसलेल्या माणसाला उठण्याचीही भीती वाटते. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता पौर्णिमा दोन दिवसांवर आली.

त्या दिवशी तिसावा टोला पडून गेल्यावर मल्लीमाई ओट्यापाशी आली. हातात टकळी होती. आपल्या पाळीच्या वेळी ती बांधावर बसून सूत कातायची, हे सगळ्यांना माहीत होते.

"सुयामा, तुला एक सांगायचं होतं, बाळा," ती म्हणाली. "पौर्णिमेला महाराज पाटावर येतील ना, तेव्हा मी माझी घटिका शेजाऱ्याला देऊन टाकणार आहे. मळाही त्यालाच. तुझ्या यादीतून माझं नाव काढून ठेव."

"का माई? काय झालं?"

"काय व्हायचंय? वय झालं." तिने टकळी पुढे केली. "तीस वर्षं मी एका घटिकेत ही भरत आले. वर तोंडापर्यंत. आता बघ, दोन बोटं मोकळी राहतात. हात मंदावले. तशीच वाफ्यांचीही गत. पूर्वी चारही भिजायचे, आता दोन भिजतात तोवर तुझा टोला पडतो. मला पाणी वळवायलाही वेळ लागत असणार. मला कळत नाही, पण लागत असणार. पहिल्यांदा वाटलं, पाटच कुठं फुटला असेल. दोनदा चालत बघून आले. पाट धड आहे. मग उरले मीच."

ती हसली, पण डोळे टकळीवरच होते. "वालाच्या वेली सुकल्या रे. डोळ्यांदेखत. माझ्या हातानं लावलेल्या, आणि माझ्याच हातांमुळे गेल्या."

ती गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच बोधिसत्त्व लवकर घरी गेला नाही. ऊन होते तोवरच त्याने फळीवरचा जुना केसांचा झुबका काढला, धूळ झटकली आणि वाटी हातात घेतली. एकेक करून सात केस छिद्रात घातले. ते सैल बसले. मग आठवा घातला. तो सरळ आत गेला.

बोधिसत्त्वाला वडिलांचे शंभर वेळा ओढणे आठवले आणि लाज वाटली. अकराही मळ्यांचे पाणी आखडले होते, पण ज्याच्याजवळ पाच घटिका त्याला ते जाणवले नाही. जिच्याजवळ एकच होती, तिचे निम्मे वाफे वाळले. आणि तिने दोष कुणाला दिला, तर स्वतःच्या हातांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भद्रिल उत्तर मागायला आला. बोधिसत्त्वाने त्याला सगळे सांगितले. मधूनमधून वाटी बुडत होती आणि तो टोले देत होता.

भद्रिल म्हणाला, "अरे, मग तर प्रश्नच मिटला. घटिकापाल बदलला की राजा जुनी वाटी वितळवून नवी घडवतो, ही तुमच्याकडची रीतच आहे ना? तू उद्या माझ्याबरोबर निघ. नवा माणूस येईल, नवी वाटी येईल. सगळ्यांना पुरं पाणी मिळेल. तुझा बोभाटा नाही आणि कुणाचं नुकसानही नाही."

"आणि मल्लीमाई?"

"ती म्हातारी आहेच. आज नाही तर चार वर्षांनी मळा सोडणारच."

बोधिसत्त्वाने वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडली. भद्रिलचे म्हणणे वाईट नव्हते, आणि म्हणूनच ते फार ओढ लावणारे होते. त्याला काम सोडायचे होते, ते सोडूनच पाटाचे भले होणार होते. इतका सोयीचा योग नऊ वर्षांत आला नव्हता. पण त्या सोयीत एक म्हातारी बाई उरलेला जन्म आपल्या हातांकडे बघत काढणार होती, आणि ते हात तर चांगले होते.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. वेशीबाहेर सार्थाच्या गाड्या जुंपल्या जात होत्या. पाटावर राजा दृढवर्मा आला होता. दरवर्षी त्या दिवशी पाळ्या नव्याने ठरत, म्हणून तोवर पाटाचे पाणी बंद असे आणि घटिकापालालाही तिथे हजर राहावे लागे. अकराही मळेकरी जमले होते. ज्याला पाळी द्यायची असेल त्याने पाटात साचलेले ओंजळभर पाणी घ्यायचे आणि सर्वांसमक्ष दुसऱ्याच्या दाराशी ओतायचे, अशी रीत होती. एकदा ओतलेली ओंजळ परत घेता येत नसे.

मल्लीमाई पाटात उतरली. वाकली. तिने ओंजळ भरली. त्याच वेळी वेशीबाहेर निघण्याचा पहिला शंख वाजला.

"माई, थांब," बोधिसत्त्व म्हणाला. "ते ओतू नकोस."

सगळे वळून त्याच्याकडे पाहू लागले. तो वाटी घेऊन राजापुढे आला आणि म्हणाला, "महाराज, हिचे हात मंदावलेले नाहीत. माझी घटिका आखूड झाली आहे." मग त्याने केस आणि सुई, दोन्ही पुढे ठेवले. आठही केस सर्वांसमोर छिद्रातून ओवून दाखवले. सुई का वापरली, हेही लपवले नाही.

मळेकऱ्यांत गलका उठला. ज्यांना दोन वर्षांत काहीच जाणवले नव्हते, ते सर्वांत मोठ्याने ओरडत होते. राजाने हात वर केला.

"सुयामा, तुला हे काम आवडत नाही?"

"नाही, महाराज."

"मग सोडलं का नाहीस?"

"सोडायचं धाडस नव्हतं आणि धरायचं मन नव्हतं," बोधिसत्त्व म्हणाला. "मी दोन्हींच्या मधे बसून राहिलो. त्यात वाटी झिजली."

राजाने सुई उचलून पाहिली. त्याला राज्य करणे कितपत आवडत असे, हे कुणी कधी विचारले नव्हते.

इकडे मल्लीमाई ओंजळ तशीच धरून उभी होती. बोटांतून पाणी गळत होते. तिने ते शेजाऱ्याच्या दाराशी ओतले नाही, पाटात परत टाकले. मग ओले हात तोंडासमोर धरून बघितले, दोन्ही बाजूंनी. आणि मग ती भडकली.

"मेल्या! दोन वर्षं! दोन वर्षं मी स्वतःला म्हातारी म्हणवून घेतेय! लेकींसारखं वागवायचे त्या वेलींना, त्यांची माफी मागत बसायचे मी रोज! आणि तू तिथं बसून सुई फिरवत होतास?"

"हो, माई."

"हो काय म्हणतोस?" तिचा आवाज फुटला. ती तिथेच काठावर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. रागाने म्हणा, सुटल्याच्या आनंदाने म्हणा, ती रडत होती. तिला कुणी समजावायला गेले नाही, हे बरेच झाले.

वेशीबाहेर दुसरा शंख वाजला. राजाने तो ऐकला. त्याच्या कानावर भद्रिलची गोष्ट गेलेली असावी, कारण तो म्हणाला, "तुला जायचं असेल तर जा. मी तुला शिक्षा म्हणून ओट्यावर बसवणार नाही. मन नसलेला माणूस बसवून मला काय मिळालं, ते आत्ताच पाहिलं."

बोधिसत्त्वाने वेशीकडे पाहिले. धुळीचा लोट उठू लागला होता. त्याला जायचे होते. हे त्याने स्वतःपासून लपवले नाही. पण आज गेलो तर ते जाणे होणार नाही, पळणे होईल, असे त्याला स्वच्छ दिसले. पळालेला माणूस वाळूतही मागे वळून बघत राहणार. आणि मागे बघणारा वाटाड्या साऱ्या तांड्याला घेऊन बुडतो.

"महाराज, एक वर्ष द्या," तो म्हणाला. "नवी वाटी द्या. तिसाव्या टोल्यानंतर माईच्या मळ्याला एक घटिका जास्त पाणी द्या, तीही मीच बसून मोजीन. एवढ्या काळात मी मनानंही तिथं बसून बघतो. मग राहायचं की जायचं ते ठरवीन. जिथं मी कधी धड बसलोच नाही, ती जागा सोडायची की नाही हे मला आज कसं कळणार?"

राजाने ते मान्य केले. तिसरा शंख वाजला आणि सार्थ निघून गेला.

आता वाचकाला वाटेल, की त्या वर्षात बोधिसत्त्वाला कामाची गोडी लागली असेल. नाही लागली. रोज सकाळी शंभर वेळा केस ओढताना साठाच्या पुढे त्याला जांभया येत. फरक एवढाच पडला, की जांभई आली तरी तो शंभरपर्यंत जाई. टोला देताना हा कुणाचा, हे तो मनात म्हणे: हा तीळवाल्याचा, हा दोघा भावांचा, हा माईचा. शेवटच्या टोल्याआधी त्याची नजर पाटाच्या शेपटाकडे जाई. आवड आली नाही, पण काम कोरडे राहिले नाही. नवी वाटी आली त्याच दिवशी माईची टकळी तोंडापर्यंत भरली. दोन महिन्यांत वाल पुन्हा चढले.

त्या वर्षात त्याने आणखी एक गोष्ट केली. गावात कंबुक नावाचा एक विणकर होता. माग विकून रिकामा झालेला, चाळिशीचा. तो ओट्यापाशी येऊन तासन् तास वाटी बुडताना बघत बसे आणि ती बुडाली की सुखाचा सुस्कारा टाके. बोधिसत्त्वाला त्याचे नवल वाटे. जे मला वनवासासारखे, ते याला खेळासारखे! त्याने कंबुकाच्या हाती केस दिला. कंबुकाने तो असा हळुवार ओढला, की जन्मभर सुतात राहिलेल्या माणसालाच ते जमावे. बोधिसत्त्वाने त्याला सारे शिकवले आणि सुईची गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली. वडिलांनी सांगितले नव्हते, ते कारणही सांगितले.

पुढच्या चैत्रात भद्रिल परत आला. "आता तरी?" त्याने विचारले.

"आता येतो," बोधिसत्त्व म्हणाला.

वर्ष भरल्यावर राजाने रीतीप्रमाणे वाटी तपासली. सात केस गेले. आठवा गेला नाही. राजा हसला आणि म्हणाला, "ही वितळवायची गरज नाही." आणि तीच वाटी त्याने कंबुकाच्या हाती दिली.

दिवस कलताना सार्थ निघाला, तेव्हा मल्लीमाई वेशीपर्यंत आली. तिने भरलेली टकळी बोधिसत्त्वाच्या हातात ठेवली. "एका घटिकेचं सूत आहे," ती म्हणाली. "पुरं भरलेलं. वाटेत कुठं घाई झाली तर बघत जा." मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला, कारण तिची पाळी जवळ आली होती.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात कुंडलक नावाच्या भिक्षूला सांगितली. सकाळी संघाला पेज वाढण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्याला ते नकोसे झाले होते. तो पंगतीच्या सुरुवातीला डाव भरभरून वाढी. मग पेज कमी पडे आणि उरलेल्यात पाणी घालून तो कसेबसे टोक गाठी. त्याने शास्त्यांना विचारले होते, "भंते, मी घर सोडलं ते ध्यानासाठी, डाव धरण्यासाठी नव्हे. हे काम सोडू का?"

कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा दृढवर्मा म्हणजे आजचे आपले विहारपाल. कंबुक म्हणजे आपल्याला दात्यांकडून आलेली चीवरं शिवून देणारा सोमिल. 'चल' म्हणून बोलावणारा सार्थवाह भद्रिल म्हणजे, कुंडलका, तू. आणि सुईनं वाटी झिजवणारा घटिकापाल मी."

"आणि मल्लीमाई, भंते?"

"पंगतीच्या टोकाला कोण बसतं?"

टोकाला पोतलक बसे. म्हातारपणी प्रव्रज्या, म्हणजे भिक्षूची दीक्षा, घेतलेला, म्हणून वयाने मोठा पण दीक्षेच्या क्रमाने रांगेत शेवटचा. चार दिवसांपूर्वीच तो कुंडलकाला सहज म्हणाला होता, की हल्ली उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, खाल्लेले अंगी लागत नाही, आता शरीराचे दिवस भरले असावेत. कुंडलकाने त्याला धीर धरायला सांगितले होते.

कुंडलकाचा चेहरा उतरला. त्याने खालच्या आवाजात विचारले, "मग मी काम सोडू की धरू?"

"ते उद्याच्या पेजेनंतर विचार," शास्ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुंडलकाने भांडे तळापासून ढवळले आणि पंगत पोतलकापासून सुरू केली.

ही सत्य पारमीची, म्हणजे सत्याच्या परिपूर्णतेची, कथा आहे. आवडते की नाही, हे खरे सांगणे हे सत्य आहेच. पण नावडत्या कामात हात असताना त्या हाताखाली कुणाचे काय होते, ते डोळे उघडून बघणे आणि चार माणसांत कबूल करणे, हे त्याहून मोठे सत्य. बोधिसत्त्वाने त्या जन्मी ते पाळले.